टाकी कशाची असावी? ॲक्वापोनिक्स आणि पाण्यात तयार होणारे आम्ल

‘तांब्याच्या भांड्यातले पाणी आपल्याला चांगले, मग माशांना का नको?’ असा प्रश्न गच्चीवर ॲक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या टाकीतले पाणी वाफ्यात फिरवून त्यावर भाजी वाढवणे, करू पाहणाऱ्यांकडून मला वारंवार ऐकू येतो, आणि काही जण तर पाणी शुद्ध राहावे म्हणून टाकीत तांब्याची पट्टी सोडून ठेवतात. माशांसाठी याहून घातक उपाय शोधून सापडणार नाही. द्राक्षबागेवरील बुरशी मारण्यासाठी बोर्डो मिश्रणात जे मोरचूद वापरतात, तो तांब्याचाच क्षार असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात, दुसरा स्रोत नसल्यास, लिटरमागे १.५ मिलिग्रॅम तांबे चालवून घेतले जाते. मऊ (कमी क्षारांच्या) पाण्यातील संवेदनशील जातींच्या माशांना मात्र याचा शंभरावा हिस्साही जिवावर बेतू शकतो. आपण पाणी पितो, मासा त्याच पाण्यात श्वास घेतो. त्याचे कल्ले अत्यंत पातळ त्वचेतून पाण्यातील सोडियम आत ओढून घेत असतात. तांबे ही वाट अडवते, तर जस्त कॅल्शियमची वाट अडवते.

तांबे टाळणे सोपे आहे, कारण ते डोळ्यांना दिसते. खरी फसगत होते ती गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याच्या बाबतीत. मी स्वतः पालकाचा पहिला वाफा अशाच पत्र्याचा केला होता. काही महिने सारे सुरळीत चालले, आणि मग गोल्डफिश पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. वाफा रिकामा केला, तेव्हा पाण्याच्या रेषेखाली पत्र्याची चकाकी गेलेली होती आणि बोट फिरवले की पांढरी भुकटी हाताला लागत होती. सुरुवातीला निर्धोक असलेला पत्रा नंतर का विरघळू लागला, हे समजण्यासाठी पाण्यात काय घडते ते पाहावे लागेल.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्रेट करतो आणि ते नायट्रेट झाडे शोषतात. मात्र या प्रवासात अमोनियमच्या प्रत्येक कणामागे हायड्रोजनचे दोन आयन, म्हणजेच आम्ल, पाण्यात सुटते. पाण्यातील बायकार्बोनेट ते पचवते. १ ग्रॅम नायट्रोजनसाठी सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, खर्ची पडते. रोज ३० ग्रॅम खाद्य घातले आणि त्यात ३० टक्के प्रथिने असली, तर त्यात नायट्रोजन दीड ग्रॅमच्या आत असतो. त्यातला ढोबळमानाने ०.९ ग्रॅम अमोनियाच्या रूपाने बाहेर पडला, तर दिवसाला ६ ग्रॅमहून थोडी अधिक क्षारता संपते. ५०० लिटरच्या टाकीत लिटरमागे १५० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ७५ ग्रॅम क्षारता असेल, तर हा साठा जेमतेम बारा दिवसांचा. झाडे नायट्रेट शोषताना त्यातील काही भाग भरून देतात आणि नळाचे ताजे पाणीही भर घालते, म्हणून प्रत्यक्षात हा काळ लांबतो. पण दिशा तीच राहते. साठा संपला की सामू (पीएच) झपाट्याने घसरतो, आणि सामू ७ वरून ६ वर आला म्हणजे आम्लता दहापट झालेली असते. जस्तावरील कार्बोनेटचा संरक्षक थर अशा पाण्यात टिकत नाही. त्यामुळे भांडे निवडताना नळाच्या पाण्याचा विचार पुरेसा नाही. सामू ६ असलेल्या पाण्यात ते वर्षभर कसे राहील, हे विचारायला हवे.

सिमेंटच्या हौदाची अडचण उलटी असते. नव्या सिमेंटमधून चुना झिरपून सामू वर जातो आणि चढ्या सामूला अमोनियाच अधिक विषारी होतो. म्हणून असा हौद काही आठवडे पाणी बदलत मुरवावा लागतो.

घरगुती कामासाठी माझी पसंती त्रिकोणात २ आकडा असलेल्या एचडीपीई प्लॅस्टिकला किंवा ५ आकड्याच्या पॉलिप्रॉपिलीनला आहे. आम्लाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. परंतु ‘फूड ग्रेड’ हा शिक्का नव्या प्लॅस्टिकविषयी बोलतो, पिंपाच्या पूर्वायुष्याविषयी नाही. निळ्या पिंपात आधी कीटकनाशक किंवा द्रावक असेल, तर ते भिंतीत मुरते आणि कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही. त्यात काय होते हे विक्रेत्याला सांगता आले नाही, तर ते पिंप घेऊच नये. लाकडी चौकटीत शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा एचडीपीई कागद अंथरणे हाही उत्तम पर्याय आहे. बांधकामाचे पीव्हीसी पाइप घेताना शिसेविरहित असल्याची खूण पाहावी. पितळी तोट्या आणि व्हॉल्व्ह मात्र पूर्ण वर्ज्य, कारण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त एकत्र.

वाफ्यातील खडीलाही हाच न्याय लावावा. आपल्याकडची काळ्या पाषाणाची खडी बहुधा चालते, संगमरवराचे तुकडे चालत नाहीत. शंका असल्यास कोरड्या खड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून कानाजवळ धरावे. बारीक चुरचुर ऐकू आली किंवा बुडबुडे दिसले, तर त्यात चुनखडी आहे आणि ती पाण्याचा सामू वर ओढत राहील.