स्टेशनरी आणि स्टेशनरी

इंग्रजीतील समोच्चारी शब्दांची एक जोडी. पहिला शब्द विशेषण असून त्याचा अर्थ स्थिर, न हलणारा, जागच्या जागी उभा असलेला. दुसरा नाम असून त्याचा अर्थ लेखनसामग्री, म्हणजे कागद, पाकिटे, वह्या, पेन्सिली वगैरे. स्पेलिंगमध्ये फरक एकाच अक्षराचा आहे: विशेषणाच्या शेवटी ‘ए-आर-वाय’ येते, नामाच्या शेवटी ‘ई-आर-वाय’. उच्चारात फरक नाही. ब्रिटिश माणूस दोन्ही शब्द ‘स्टेशन्री’ असे आखडते घेऊन म्हणतो, अमेरिकन माणूस दोन्ही ‘स्टेशनेरी’ असे ऐसपैस म्हणतो. देवनागरीत तर हा भेद दाखवताच येत नाही. त्यामुळे या नोंदीचे शीर्षक छपाईतली चूक वाटण्याचा संभव आहे.

सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द पुष्कळदा योगायोगाने सारखे झालेले असतात. समुद्र या अर्थाचा ‘सी’ आणि पाहणे या अर्थाचा ‘सी’ यांचे एकमेकांशी काही नाते नाही. स्टेशनरीची गोष्ट वेगळी आहे. हे दोघे सख्खे भाऊ. दोन्हींचे मूळ लॅटिनमधील ‘स्तारे’, म्हणजे उभे राहणे, या क्रियापदात आहे. त्यावरून ‘स्तातिओ’ म्हणजे उभे राहण्याची जागा, ठाणे. आणि त्यावरून ‘स्तातिओनारिउस’ म्हणजे ठाण्यावरचा, एका जागी असणारा. संस्कृतातील ‘स्था’ हा धातू याच भारोपीय मुळाचा. त्यामुळे स्थिर, स्थान, स्थावर हे आपले शब्द या जोडीचे लांबचे भाऊबंद ठरतात, आणि ‘स्टेशन’ला मराठीत ‘स्थानक’ म्हणताना आपण नुसते भाषांतर करत नाही, नातेही सांगतो.

एका जागी असण्याचा कागदाशी संबंध कसा आला, हे समजायला मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांकडे जावे लागते. त्या काळी बरेचसे विक्रेते फिरस्ते असत. आज या जत्रेत, उद्या त्या. पुस्तकवाल्याला तसे करून चालण्यासारखे नव्हते. तेराव्या शतकात बोलोन्या, पॅरिस अशा ठिकाणी विद्यापीठाच्या देखरेखीखाली काम करणारा ‘स्तातिओनारिउस’ असे. त्याच्याकडे ग्रंथाची मान्यताप्राप्त प्रत सुट्या भागांत ठेवलेली असायची. विद्यार्थी किंवा लेखनिक एक भाग भाड्याने न्यायचा, उतरवून घ्यायचा, परत करायचा आणि पुढचा भाग मागायचा. एकाच ग्रंथाची नक्कल एकाच वेळी अनेक जणांना करता यावी, ही यातली सोय. असा व्यवहार करणारा माणूस उद्या गाव सोडून गेला तर अर्धवट ग्रंथ हातात घेऊन बसायची पाळी. म्हणून तो पक्क्या ठाण्याचा हवा.

इंग्लंडमध्ये हाच शब्द ‘स्टेशनर’ झाला. पुस्तके विकणे, बांधणे, नकला करवून घेणे असे सारे त्याच्या धंद्यात येई. १४०३ मध्ये लंडनमध्ये या व्यावसायिकांचा संघ स्थापन झाला. १५५७ मध्ये मेरी राणी आणि फिलिप यांच्याकडून त्याला राजसनद मिळाली आणि देशातली छपाई बहुतांशी संघाच्या सभासदांच्या हाती गेली. संघाच्या वहीत पुस्तकाची नोंद केली की ते छापण्याचा हक्क नोंदवणाऱ्याचा. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ सालच्या मोठ्या संग्रहाची नोंदही त्याच वहीत आहे. या व्यवस्थेत लेखकाला मात्र फारसे कोणी विचारत नव्हते. कायद्याने त्याचा हक्क मानला तो १७१० पासून. पुढे प्रकाशक, मुद्रक, पुस्तकविक्रेता असे धंदे वेगळे होत गेले आणि स्टेशनरच्या वाट्याला कागद, शाई, पाकिटे उरली. त्याच्याकडे मिळणाऱ्या मालाला अठराव्या शतकात ‘स्टेशनरी’ म्हणू लागले.

नामातल्या ‘ई’चे कारणही तिथेच सापडते. ‘बेकर’वरून ‘बेकरी’, तसे ‘स्टेशनर’वरून ‘स्टेशनरी’. शाळेत मात्र मुलांना एन्व्हलपचा ‘ई’ लक्षात ठेवायला सांगतात. युक्ती चालते, यात वाद नाही. पण खरे कारण तितकेच सोपे असताना ते कोणी सांगत नाही, याचे थोडे नवल वाटते. व्याकरणाची एकच बाब सांगण्यासारखी आहे: हे नाम अगणनीय आहे, त्यामुळे ‘स्टेशनरीज’ असे अनेकवचन प्रमाण इंग्रजीत करत नाहीत.

विशेषणाचा वावर मुख्यतः शास्त्रांत. कलनशास्त्रात वक्राचा उतार जिथे शून्य होतो तो बिंदू स्टेशनरी. आकाशात वक्री किंवा मार्गी होण्याआधी थबकल्यासारखा दिसणारा ग्रह, ज्याला पंचांगकर्ते स्तंभी म्हणतात, तोही स्टेशनरी. भूस्थिर उपग्रहाच्या इंग्रजी नावातही हेच विशेषण आहे. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर, सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो. पण पृथ्वीही त्याच्या बरोबरीने वळत असल्याने खालून पाहणाऱ्याला तो हललेला दिसत नाही. स्टेशनरी असणे हे असे पाहणाऱ्यावरही अवलंबून असते.

चुका दोन्ही बाजूंनी होतात, आणि दोन्ही स्पेलिंगे शब्दकोशात असल्याने सुटा शब्द तपासणाऱ्या संगणकाला त्या दिसत नाहीत. अपघाताच्या अहवालात ‘उभ्या असलेल्या वाहनाला धडक बसली’ असे लिहिताना ‘ए’च्या जागी ‘ई’ पडला, की धडक वह्या-पाकिटांच्या वाहनाला बसते. उलटी चूक दुकानांच्या पाट्यांवर आढळते. तिथे ‘ई’च्या जागी ‘ए’ रंगवला, की ‘लेखनसामग्री’चे ‘जागचे न हलणारे’ होते. शब्दकोशाप्रमाणे पाटी चुकीचीच. बोलोन्याच्या स्तातिओनारिउसला मात्र तिच्यात काही वावगे दिसले नसते.