हाडांची गोळी, पित्त आणि तो अर्धा तास: हे सगळं आलं कुठून

आमच्या आईची ती रविवारची गोळी. दोन वर्षांपूर्वी अंगणात घसरली आणि मनगट मोडलं, तेव्हा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी केली, हाडं ठिसूळ झाल्याचं कळलं आणि आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी सुरू झाली. आता आईला पित्ताचा त्रास माझ्या लहानपणापासून. रात्री घशाशी येतं, दोन उशा घेतल्याशिवाय झोपत नाही, उन्हाळ्यात कोकम, आणि गेली सात-आठ वर्षं रोज सकाळी पॅन फोर्टी ही पित्ताची गोळी. रविवारी उठल्या उठल्या ती हाडांची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळायची आणि परत जरा आडवी व्हायची, कारण सुट्टीचा दिवस. पाचव्या रविवारी छातीत इतकं जळजळलं की तिनं गोळी बंदच केली आणि कुणाला सांगितलं नाही. सहा महिन्यांनी औषधांच्या डब्यात न फोडलेली पाकिटं सापडली तेव्हा आम्हाला कळलं. लिहून देताना पित्ताचं कुणी विचारलं नव्हतं, कशी घ्यायची तेही धड सांगितलं नव्हतं, आणि आतला कागद इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. मग मी वाचायला बसले की ही गोळी आहे काय आणि तिचे एवढे नियम का.

या गोळीची सुरुवात हाडांपासून होतच नाही, पाण्याच्या पाइपांपासून होते. बोअरचं पाणी असेल तर गीझरमध्ये, नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचतो ना, तो कॅल्शियमच्या क्षारांचा. कारखान्यांत हा थर धरू नये म्हणून फॉस्फेटच्या जातीची रसायनं वापरायचे, आणि बिसफॉस्फोनेट, आईची गोळी ज्यातली, हे त्यातलंच एक घराणं, १९व्या शतकात प्रयोगशाळेत तयार झालेलं. औषध म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. १९६०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्याबरोबर ग्रॅहम रसेल यांच्या लक्षात आलं की आपल्या रक्तात आणि लघवीत पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ असतो आणि तो शरीरात नको तिथं कॅल्शियम साचू देत नाही. पण तो तोंडानं दिला तर उपयोग शून्य, एन्झाइम त्याचे तुकडे करून टाकतात. मग दोन फॉस्फरसच्या मधला ऑक्सिजन काढून तिथं कार्बन असलेली रसायनं, म्हणजेच बिसफॉस्फोनेट, तपासली. ती तुटत नाहीत, जाऊन हाडाला चिकटतात आणि हाड खाणाऱ्या पेशींना थोपवतात. या कामात प्रॉक्टर अँड गॅम्बलचे मॅरियन फ्रान्सिसही होते, म्हणजे साबण-डिटर्जंटवाली कंपनी! १९६९ साली हे संशोधन छापून आलं. त्यातलं पहिलं औषध एटिड्रोनेट, १९७७ मध्ये अमेरिकेत पॅजेट या हाडांच्या आजारासाठी मंजूर झालं.

कॅल्शियमला चिकटणं हाच या औषधाचा गुण, आणि पोटात गेल्यावर हाच त्याचा दोष. दूध, कॅल्शियमची गोळी, गुलाबी अँटासिड, काहीही आधी किंवा सोबत गेलं की औषध त्यालाच चिकटतं आणि हाडापर्यंत पोचतच नाही. ॲलेन्ड्रोनेट, म्हणजे आईच्या गोळीतलं औषध, रिकाम्या पोटी घेतलं तरी त्यातला शंभरातला एक भागसुद्धा रक्तात जात नाही, त्यात कॉफी किंवा संत्र्याचा रस प्यायलात तर त्यातलंही साधारण ६० टक्के कमी होतं. म्हणून नुसतं साधं पाणी. आणि जळजळ होते म्हणून लगेच वर अँटासिड घेणाऱ्या आपल्याकडे किती बायका असतील, त्यांना त्रास तर होतोच आणि गोळीही वाया जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

ॲलेन्ड्रोनेटची वाट इटलीतून निघाली, पिसाच्या इस्टिट्यूटो जेंटिलीमधून ते मर्क कंपनीकडे गेलं आणि सप्टेंबर १९९५ मध्ये एफडीएनं, म्हणजे अमेरिकेतल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, फोसामॅक्स या नावानं मंजूर केलं, रोज १० मिलिग्रॅम. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, व्याख्या ठरवली होती, टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली. म्हणजे आजार मोजायची पट्टी आणि त्यावरची गोळी अगदी मागोमाग आली. १९९६ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले, आधीच मणक्यात फ्रॅक्चर असलेल्या २,०२७ बायका, आणि खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. आनंद होण्यासारखंच होतं. या चाचणीत पोटाचे त्रास गोळी घेणाऱ्यांत आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत सारखेच निघाले. पण रोज औषध घ्यावं लागेल इतकी ॲसिडिटी असणाऱ्या बायकांना तिच्यात घेतलंच नव्हतं. म्हणजे माझ्या आईसारखी बाई त्या आकड्यांत नव्हतीच.

गोळी बाजारात आल्यावर मात्र तशाही बायकांपर्यंत ती पोचली. ऑक्टोबर १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अन्ननलिका भाजल्यासारख्या झालेल्या पेशंटबद्दल लिहिलं, जखमा, अल्सर, सूज. त्यातच कंपनीकडे जमा झालेले आकडे होते: मार्च १९९६ पर्यंत जगभरात अंदाजे ४ लाख ७५ हजार लोकांना गोळी लिहून दिली गेली, त्रासाच्या १,२१३ तक्रारी आल्या, त्यातल्या १९९ जणांचा त्रास अन्ननलिकेचा आणि त्यातही ५१ जणांचा गंभीर. बऱ्याच जणांनी गोळी अगदी थोड्या पाण्याबरोबर घेतली होती, किंवा घेऊन आडवे झाले होते. उभं किंवा ताठ बसलेलं असताना भरपूर पाण्यानं गोळी झटकन पोटात उतरते, आडवं झालं की ती अन्ननलिकेत रेंगाळते, किंवा पोटातलं ॲसिड औषधासकट परत वर येतं, आणि ज्याला आधीपासून रिफ्लक्स, म्हणजे ॲसिड वर येण्याचा त्रास आहे त्याच्या बाबतीत तर ती वाट कायम उघडीच. कंपनीनं मार्च १९९६ मध्येच डॉक्टरांना पत्रं पाठवली आणि सूचना कडक केल्या. आज पाकिटावर जे लिहिलेलं असतं, उठल्यावर काही खायच्या आधी, मोठा ग्लासभर साधं पाणी, मग निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, आयबॅन्ड्रोनेट हे याच घराण्यातलं दुसरं औषध असेल तर एक तास, त्यातली ग्लासभर पाण्याची आणि आडवं न होण्याची अट लोकांच्या अन्ननलिका पोळल्यानंतर पक्की झालीय. हे सगळं सांगायला डॉक्टरला दोन मिनिटं लागतात हो. आणि ज्यांची अन्ननलिका अरुंद झालीय, गिळलेलं खाली सरकत नाही, किंवा ज्यांना अर्धा तास ताठ बसताच येत नाही, त्यांना ही गोळी द्यायचीच नाही. नुसतं पित्त असेल तर सरसकट बंदी नाही, पण विचारून, तपासून.

मग इतिहास पुढं सरकला तो गोळ्यांची संख्या कमी करत. २००० मध्ये ॲलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची आठवड्याची गोळी आली, म्हणजे अन्ननलिकेला आठवड्यात सातऐवजी एकच फेरा. आईचा रविवार तिथून आला. २००५ मध्ये आयबॅन्ड्रोनेटची महिन्याची गोळी, २००६ मध्ये त्याचंच तीन महिन्यांचं इंजेक्शन. पण पित्तवाल्यांसाठी खरी मोठी गोष्ट २००७ मध्ये झाली, झोलेड्रोनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा शिरेतून. औषध तेच घराणं, पण अन्ननलिकेच्या वाटेला जातच नाही. त्याच्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याचे फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले. २०१० मध्ये डेनोसुमॅब आलं, दर सहा महिन्यांनी कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन. ते वेगळ्या जातीचं औषध आहे आणि मधेच सोडलं तर हाडं झपाट्यानं परत झिजतात, मणके मोडू शकतात, म्हणून त्याची तारीख चुकवायची नाही, हे घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक पाहिजे.

आता दुसरी बाजू, पित्ताच्या गोळीची. ओमेप्राझोल १९८८ मध्ये आलं आणि त्याच्या मागोमाग पॅन्टोप्राझोल (आईच्या पॅन फोर्टीतलं औषध) वगैरे सगळं घराणं, ज्याला पीपीआय म्हणतात. आपल्याकडे तर वर्षानुवर्षं लोक परस्पर मेडिकलमधून घेतात. डिसेंबर २००६ मध्ये ब्रिटनमधल्या नोंदींवरून एक अभ्यास आला की वर्षाहून जास्त काळ पीपीआय घेणाऱ्यांत खुब्याचं फ्रॅक्चर जास्त दिसतं, आणि २०१० मध्ये एफडीएनं इशारा दिला. २०११ मध्ये डेन्मार्कच्या नोंदींतून दिसलं की ॲलेन्ड्रोनेटसोबत पीपीआय घेणाऱ्यांना खुब्याचं संरक्षण कमी मिळतं. हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला, कारण हाडाची गोळी सोसावी म्हणून पीपीआय जोडून देणं ही सर्रास पद्धत. पण हे अभ्यास नोंदींवरचे, आणि जास्त आजारी माणूसच जास्त गोळ्या घेतो हे त्यातून पूर्ण वेगळं काढता येत नाही. २०१९ मध्ये १७,५९८ लोकांवर पॅन्टोप्राझोल आणि खोटी गोळी अशी साधारण तीन वर्षं तुलना झाली, त्यात फ्रॅक्चरमध्ये म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. तेव्हा घाबरून पित्ताची गोळी एका रात्रीत सोडायची गरज नाही, पण खरंच लागते का आणि किती लागते हे मात्र विचारायलाच हवं.

कॅल्शियमचं एक राहिलं. साधी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी विरघळायला ॲसिड लागतं, पीपीआयवर असाल तर ती जेवणाबरोबर घ्यायची, किंवा सायट्रेट घ्यायचं, त्याला ॲसिडची गरज तशी नसते.

आईला आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी एंडोस्कोपी केली, मग रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं), कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, कारण किडनी फारच कमजोर असेल किंवा कॅल्शियम कमी असेल तर झोलेड्रोनिक देत नाहीत, दातांचंही काही काम बाकी आहे का विचारलं. डी कमी निघालं, ते भरून काढायला दोन महिने गेले, मग झोलेड्रोनिकचं सलाईन. दोन दिवस ताप आला, अंग दुखलं, ते पहिल्यांदा होतं म्हणून आधीच सांगितलेलं होतं त्यामुळं आई घाबरली नाही, पॅरासिटामॉल घेऊन पडून राहिली. पॅन फोर्टीचा डोस आता निम्मा केलाय आणि रात्रीचं जेवण साडेसातला. पुढचं सलाईन मार्चमध्ये, कॅलेंडरवर तिनं स्वतःच लाल पेनानं गोल केलाय.