आरसी रेसकारच्या शॉकमध्ये तेल आलं, तेव्हापासून

सस्पेन्शनची चाचणी घ्यायची तर एकदा केलेली सेटिंग उद्याही तशीच मिळायला हवी. रेडिओ कंट्रोल गाड्यांच्या बाबतीत ही सोय बरीच उशिरा आली. गालिच्याच्या ट्रॅकवर धावणाऱ्या १:१२ (खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्शाच्या) गाड्यांचा मागचा भाग फायबरग्लासच्या टी आकाराच्या पट्टीने जोडलेला असे. पट्टी जेवढी लवेल तेवढं सस्पेन्शन.

खडबडीत मातीवर एवढ्याने भागत नव्हतं. तामिया कंपनीने १९७९ मध्ये रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या बग्ग्या (कच्च्या वाटेवर धावणाऱ्या गाड्या) आणल्या, त्यांना मागे तेलाचे शॉक (धक्का शोषून घेणारे भाग) होते. तरीही स्वस्त गाड्यांत बराच काळ नुसत्या घर्षणावर चालणारे शॉकच राहिले. तामियाच्याच १९८४ च्या ग्रासहॉपरमध्येही तेच होते. घर्षणाचा अवरोध वेगाप्रमाणे वाढत नाही, शिवाय धूळ आणि झीज यांमुळे तो रोज बदलतो. अशा शॉकवर सकाळी काढलेला निष्कर्ष दुपारी टिकत नाही.

माझ्या मते खरं वळण १९८४ मध्येच आलं, पण ते कॅलिफोर्नियातल्या असोसिएटेड कंपनीच्या आरसी१० मुळे. रॉजर कर्टिस यांनी रचलेली ही बग्गी सोनेरी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम चॅसिसमुळे लक्षात राहते, पण मला तिचे तेल भरलेले, खोलून पुन्हा जोडता येणारे ॲल्युमिनियमचे शॉक जास्त महत्त्वाचे वाटतात. तेलाचा दाटपणा बदलला की गाडीचं वागणं बदलतं, आणि तेच तेल पुन्हा भरलं की जुनं वागणं परत येतं. तिथून खरी चाचणी सुरू झाली.

१९८५ मध्ये डेल मार इथे १:१० ऑफ-रोडची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि कारखान्यांमधली चुरस वाढली. तामियाच्या हॉटशॉटने त्याच वर्षी पुढे-मागे एकेकच शॉक देऊन पाहिला, पण शर्यतीत चार शॉकची मांडणीच टिकली. १९८८ मध्ये लोसी कंपनीच्या जेआरएक्स२ ने मागे पाच दुव्यांचं (जोडदांड्यांचं) सस्पेन्शन आणलं. आता दांड्यांच्या लांबी-उंचीवरही काम सुरू झालं: कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल), रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो), अँटी-स्क्वॉट (वेग घेताना मागचा भाग खाली बसू न देणं).

उडीचा प्रश्न मात्र या छोट्या गाड्यांचा खास आहे. गाडी दहापट लहान झाली तरी गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. एक मीटरवरून पडणारी १:१० बग्गी तिच्या आकाराच्या मानाने खऱ्या गाडीच्या दहा मीटर उंचीवरून आदळते. म्हणून शॉकमधल्या पिस्टनच्या, तेल ज्यांतून वाहतं त्या छिद्रांना इतकं महत्त्व. छिद्रं बारीक असतील तर आदळताना तेलाला निसटायला वेळच मिळत नाही, शॉक क्षणभर घट्ट होतो. याला पॅक होणं म्हणतात. मोठी छिद्रं आणि दाट तेल, किंवा बारीक छिद्रं आणि पातळ तेल, या दोन जोड्या वळणावर जवळपास सारख्या वाटतात, पण उडीनंतर त्यांच्यातला फरक लगेच कळतो.

सेटअप शीटची प्रथा याच गरजेतून रुळली: स्प्रिंग, पिस्टन, तेल, राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची), टायर, ट्रॅकचा पृष्ठभाग, सगळं लिहायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. यातही तेलाने गोंधळ घातलाच. वेटचा, म्हणजे तेलाच्या दाटपणाचा, आकडा कंपनीगणिक वेगळा, त्यामुळे एकाचं ३० वेट दुसऱ्याच्या ३० वेटइतकंच दाट असेल असं नाही. म्हणून अनेक जण शीटवर सेंटिस्टोक्स (दाटपणाचं प्रमाणित एकक) लिहितात.

२०१० नंतर कृत्रिम गवत आणि गालिच्याच्या पकडदार ट्रॅकवर दोन-चाकी ड्राइव्हच्या बग्ग्यांची मोटर मागच्या ॲक्सलच्या पुढे सरकली. वजनाची जागाच बदलल्याने मोकळ्या मातीवर जमवलेल्या जुन्या शीट्स या गाड्यांना लागू पडेनात, आणि चाचण्या पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागल्या.