टेकडी हिरवी झाली, पण जंगल वाढलं का?

पावसाळ्यात पुण्यातली वेताळ टेकडी हिरवीगार दिसते. त्या हिरव्यातला बराच वाटा ग्लिरिसिडियाचा, म्हणजे गिरिपुष्पाचा. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड भराभर वाढतं, पण इथल्या पाखरांच्या-किड्यांच्या ते फारसं उपयोगी पडत नाही. उपग्रहाच्या चित्रात मात्र तेही जंगलच! देशाच्या वन सर्वेक्षणात किमान एक हेक्टर जागेवर झाडांचं छत्र 10 टक्क्यांहून जास्त असलं, की ते वनाच्छादन; झाड कुठलं, हे त्यात बघितलं जात नाही.

वन खातं आणि गाव मिळून जंगल सांभाळतात, त्या संयुक्त वन व्यवस्थापनाचं यश अशा हिरव्या ठिपक्यांवरून ठरवणं मला धोक्याचं वाटतं. पश्चिम बंगालमधल्या अराबारीत 1970च्या दशकात हा प्रयोग झाला. 1990च्या केंद्राच्या परिपत्रकानंतर तो देशभर गेला.

समजा, आंबेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावानं अशी वन समिती नेमून कुऱ्हाडबंदी केली आणि दहा वर्षांत रान दाटलं. श्रेय समितीचं, चांगल्या पावसाचं, की घरोघरी गॅस आल्यानं घटलेल्या सरपणाचं? हे कळायला तसाच उतार, तशीच माती, रस्त्यापासून तेवढंच अंतर असलेलं, पण समिती नसलेलं दुसरं रान शोधावं लागतं. दोन्हींच्या आधीच्या नोंदीही हव्यात. बऱ्याचदा समिती मुळातच एकोप्याच्या गावात स्थापन होते, म्हणून नुसती तुलनाही फसवते. शिवाय शेजारच्या गावाचं रान तपासायलाच हवं, कारण इथं बंद झालेली चराई आणि तोड तिकडे सरकलेली असू शकते.

खरी परीक्षा जमिनीवर वाकून होते. ठरलेल्या चौकोनांत दर काही वर्षांनी झाडांचा घेर छातीच्या उंचीवर, 1.37 मीटरवर, मोजायचा, नुकत्याच तोडलेल्या झाडांचे उरलेले बुंधे मोजायचे, आणि रोपं. रोपं सर्वांत महत्त्वाची. जुन्नर-आंबेगावात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून विकतात. सगळीच फळं काढली तर रुजायला बी उरत नाही. वर छत्र दाट आणि खाली हिरड्याचं एकही रोप नाही, असं रान म्हातारं होत चाललेलं असतं. उपग्रहाला ते पुढची कित्येक वर्षं कळणार नाही.

ही मोजणी बाहेरच्या तज्ज्ञानं एकदाच करून भागत नाही. 2009मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अनेक देशांतल्या जंगलांच्या अभ्यासात दिसलं, की वापरणारे लोक स्वतः नियमित देखरेख ठेवतात तिथं जंगलाची स्थिती चांगली असण्याची शक्यता वाढते. म्हणून मी समितीकडे रोपवनाच्या फलकाआधी गस्तीची वही मागेन: पाळी कुणाची होती, दंड कुणाला झाला, हिरड्याचा दर ठरला त्या बैठकीत फळं वेचणाऱ्या बायका होत्या का.