कोलोनचा कार्नेवाल की रॉटवाइलचा फासनेट? मुलांना कुठे न्यावं

जर्मनीत राहणाऱ्यांनी मुलांना कार्नेवालची मिरवणूक दाखवायची म्हटलं की ओळखीचे लोक दोन सल्ले देतात: कोलोनला जा, नाहीतर ब्लॅक फॉरेस्टच्या बाजूला जा. ऐकणाऱ्याला वाटतं, सण एकच, फक्त गाव वेगळं. पंचांग खरंच एक आहे. राखेच्या बुधवारी ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होतो, त्याआधीचे हे हुंदडायचे दिवस. गोव्याचा कार्निव्हलही याच हिशेबाने येतो. पण ऱ्हाइनकाठच्या कोलोनचा कार्नेवाल आणि नैर्ऋत्येकडे, ब्लॅक फॉरेस्टच्या बाजूच्या रॉटवाइलचा फासनेट यांची जातकुळी वेगळी.

कोलोनमध्ये नुसता बघ्या असा कोणी नसतोच. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे सोंग घेऊन येतात आणि साध्या कपड्यांतला माणूसच ओशाळतो. सोंग दरवर्षी बदललं तरी चालतं. यंदा वाघ, पुढच्या वर्षी मधमाशी. 1823 पासून इथे समिती नेमून सोमवारची मोठी मिरवणूक निघते. तिचा जीव टिंगलीत आहे. जुन्या नगरसैनिकांच्या लाल गणवेशातले गडी लष्करी शिस्तीचा आव आणतात आणि मग नाचताना एकमेकांच्या ढुंगणाला ढुंगण घासतात. रथांवर पुढाऱ्यांचे कागदी लगद्याचे पुतळे असतात. मिरवणुकीच्या मानकऱ्यांत राजपुत्र, शेतकरी आणि कुमारी. यातली कुमारी परंपरेने पुरुषच होतो.

मुलांना यातलं राजकारण कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. 'कामेले!' ओरडायचं, छत्री उलटी धरायची, की वरून गोळ्या, चॉकलेटं पडतात. कधी अख्खा डबाच येतो, तेव्हा डोकं सांभाळा. अगदी लहानांना सोमवारच्या गर्दीत नेऊ नये असं माझं मत. आदल्या रविवारी शाळांची आणि वस्त्यांची मिरवणूक असते, ती जास्त घरगुती. आधीच्या गुरुवारी बायकांचं राज्य असतं. त्या दिवशी बाबांनी टाय घालून फिरू नये, कापला जातो.

रॉटवाइलला यातलं काही शोधू नका. फासनेटमध्ये सोंगं ठरलेली, पिढ्यान्‌पिढ्या तीच. लाकडी मुखवटे, काही तर खूप जुने, घरात वारशाने आलेले. सोमवारी सकाळी 8 वाजता जुन्या वेशीतून मुखवटेधारी बाहेर पडतात. एकाच्या अंगावर घुंगरांचे जड पट्टे. तो उड्या मारत चालला की सगळी गल्ली खणखणते. दुसरा, फेडरहानेस, दात विचकलेला आणि लांब काठीवर उडी घेणारा. बघ्यांनी इथे बघ्यांसारखंच उभं राहायचं. पण मुखवटेवाला तुमच्यापर्यंत येतोच. एखादा वही उघडून ओळखीच्या माणसाच्या वर्षभरातल्या फजित्या सगळ्यांसमोर वाचतो. आसपासच्या गावांत चेटकिणींचे ताफे असतात. त्या पोरांच्या जाकिटात गवत नाहीतर कागदाचे कपटे कोंबतात. मुखवटा ओढायचा नाही, हा न लिहिलेला नियम.

कोकणातल्या शिमग्यात संकासुर मागे लागल्यावर जी किंकाळी फुटते, तीच इथे फुटते. म्हणून चार वर्षांच्या मुलाला पहिल्या रांगेत उभं करू नका. आठ-दहा वर्षांचं मूल मात्र रंगून जातं, आणि मला स्वतःला विचाराल तर मी रॉटवाइलच निवडेन. कोलोनची मजा डोळ्यांदेखत संपते. इथे मुखवट्याआड कोण आहे हा प्रश्न मुलं घरी पोचेपर्यंत सोडत नाहीत.

श्टुटगार्टहून रॉटवाइल रेल्वेने साधारण दीड तास, तेव्हा 8 ची वेळ गाठायची तर आदल्या रात्री तिथेच राहिलेलं बरं. झोप मोडायची नसेल तर मंगळवारी दुपारी 2 वाजताही मिरवणूक असते. आरोळीही वेगळी: कोलोनला 'आलाफ', रॉटवाइलला 'हू-हू-हू'. ड्युसेलडॉर्फचं 'हेलाउ' कोलोनमध्ये ओरडू नका, तिथले लोक मनावर घेतात.