टिम बर्किन

सर हेन्री बर्किन (१८९६–१९३३), सगळे त्याला टिमच म्हणायचे, हा दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला ब्रिटिश रेसर. नॉटिंगहॅमच्या लेसवाल्या गडगंज घराण्यातला, पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअरमधे होता आणि पॅलेस्टाइनहून जो मलेरिया घेऊन आला तो शेवटपर्यंत सुटला नाही. बोलताना अडखळायचा, गाडीत बसला की गळ्यात निळा-पांढरा ठिपक्यांचा सिल्कचा स्कार्फ आणि पाय ॲक्सिलरेटरवर.

१९२८ ला फ्रान्समधल्या ले माँच्या २४ तासांच्या रेसमधे टायर फुटलं, वजन वाचवायला गाडीत जॅकच ठेवला नव्हता! रिमवर जमेल तेवढी गाडी ओढली, ती बसली तशी बर्किन पायी पिटपर्यंत, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेपर्यंत, आला आणि मग जोडीदार ज्याँ शासान्य दोन जॅक बगलेत मारून उलटा गाडीकडे पळत सुटला. एवढं होऊनही पाचवा नंबर आला.

बर्किनचं नाव निघालं की ब्लोअर बेंटली, म्हणजे बेंटली कंपनीची सुपरचार्जरवाली गाडी, आठवते. साडेचार लिटरच्या इंजिनाला सुपरचार्जर लावायचा, म्हणजे सिलेंडरमधे हवा दाबून भरायची, की ताकद वाढते. कंपनीचे डब्ल्यू. ओ. बेंटली याच्या साफ विरोधात, त्यांचं म्हणणं ताकद हवी तर इंजिनच मोठं करा. पण घोड्यांच्या रेसची शौकीन श्रीमंत डोरोथी पॅजेट पैसे घालायला तयार झाली, आणि ले माँच्या नियमासाठी कंपनीला अशा ५० गाड्या बनवाव्या लागल्या. एवढा खटाटोप करून ब्लोअर ले माँ कधीच जिंकली नाही. १९३० मधे बर्किनने जर्मन रेसर काराचिओलाच्या मर्सिडीजला गवतात चाकं घालून ओव्हरटेक केलं खरं, पण पॅजेटच्या दोन्ही गाड्या बंद पडल्या आणि जिंकली बेंटलीचीच बिनसुपरचार्जरची स्पीड सिक्स. म्हणजे डब्ल्यू. ओ. बरोबरच होते म्हणायचं. त्याच वर्षी पो इथे फ्रेंच ग्राँप्रीत चपळ बुगाट्यांच्या गर्दीत हे धूड दुसरं आलं, ब्लोअरची माझ्या मते सगळ्यात भारी रेस तीच.

बर्किन स्वतः ले माँ दोनदा जिंकला, १९२९ ला वुल्फ बार्नाटोबरोबर स्पीड सिक्सवर आणि १९३१ ला अर्ल हाऊबरोबर अल्फा रोमिओवर. दोन्ही वेळा ब्लोअर नव्हतीच. तिने एक मान मात्र मिळवून दिला, १९३२ मधे सिंगल सीटर ब्लोअरवर इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकचा लॅप रेकॉर्ड, ताशी १३७.९६ मैल, म्हणजे साधारण २२२ किलोमीटर. तीच गाडी २०१२ च्या लिलावात ५० लाख पौंडांच्या वर गेली.

मे १९३३ मधे त्रिपोली ग्राँप्रीला मासेरातीवर तिसरा आला, तेव्हा तापलेल्या एक्झॉस्टला हात लागून भाजला. जखमेकडे नीट लक्ष दिलं नाही, २२ जून १९३३ ला लंडनमधे वारला, वय ३६. रक्तात विष पसरलं असं म्हणतात, कोणी म्हणतं जुन्या मलेरियानेच उचल खाल्ली. नॉरफोकमधल्या ब्लेकनीला त्याची कबर आहे.