रिसेप्टर पेशीत नेमका कुठे आहे? मेंदूचा नमुना पाठवण्याआधी हे वाचा

आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या नमुन्यासोबतच्या कागदावर बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘लेप्टिनचा रिसेप्टर दाखवून द्या.’ (लेप्टिन हे चरबीतून येणारं, भूक कमी करणारं हॉर्मोन; रिसेप्टर म्हणजे हॉर्मोन ज्याला चिकटतं ते पेशीतलं प्रथिन.) एवढ्यावर काम सुरू करता येतं, पण ते मनासारखं होत नाही. रिसेप्टर पेशीत कुठे बसलाय, त्यावर सेक्शनची (मेंदूच्या पातळ कापाची) जाडी, रंगवण्याची पद्धत आणि सूक्ष्मदर्शक ठरतो.

इन्सुलिनचा रिसेप्टर चेतापेशीच्या पटलावर असतो, सिनॅप्सपाशी, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडणीपाशीही सापडतो. थायरॉइडचा थेट केंद्रकात. उंदरातल्या कॉर्टिकोस्टेरॉनचा रिसेप्टर आधी पेशीद्रवात असतो आणि हॉर्मोन चिकटलं की केंद्रकात शिरतो. हे हॉर्मोन दिवसभरात कमीजास्त होतं, म्हणून मेंदू किती वाजता काढला, ती वेळ आम्हाला कळवाच.

लेप्टिनचा रिसेप्टर मात्र फसवतो. त्याचा थोडाच भाग पटलावर, बाकीचा पेशीच्या आत. लेप्टिनचं काम चालू आहे का, एवढंच बघायचं असेल तर आमचा आग्रह फॉस्फो-स्टॅट३ (लेप्टिनचा संदेश केंद्रकात नेणारं प्रथिन) रंगवण्याचा असतो. लेप्टिन टोचल्यावर साधारण पाऊण तासाने घेतलेल्या मेंदूत, हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या तळाशी भूक सांभाळणाऱ्या भागाच्या) आर्क्युएट भागातल्या पेशींची केंद्रकं गडद उठून दिसतात.

सगळ्यात जास्त चुकामूक होते ती एमसी४आरची. भूक आवरणारा हा रिसेप्टर हायपोथॅलॅमसच्या चेतापेशींत प्रायमरी सिलियमवर असतो, हे २०१८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने उंदरांत दाखवलं. सिलियम म्हणजे पेशीतून बाहेर आलेला काही मायक्रॉन लांबीचा एकच केस. बार्डे-बीडल या आनुवंशिक आजारात सिलियमचं काम बिघडतं आणि लहानपणापासून वजन वाढत जातं, यावरून त्या केसाचं मोल लक्षात यावं. पाच मायक्रॉनच्या पॅराफिन सेक्शनमध्ये तो बहुतेक अर्धवट कापला जातो. आम्ही तीस ते चाळीस मायक्रॉनचे सेक्शन घेतो, सोबत एसी३ हे सिलियमची खूण असलेलं प्रथिन रंगवतो आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली थरावर थर टिपतो. निळ्या केंद्रकाशेजारी बारीक चमकती रेघ दिसली, तर ते सिलियम.

एमसी४आरला चिकटून तो दाखवणाऱ्या बाजारातल्या अँटिबॉडींवर आम्ही डोळे झाकून विसंबत नाही. त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या गटानेही रिसेप्टरला हिरवं चमकणारं प्रथिन जोडूनच तो पाहिला होता. रिसेप्टरचा जनुक काढलेल्या उंदराचा मेंदू मिळत असेल तर सोबत जरूर द्या. तो आम्ही त्याच दिवशी, अँटिबॉडीच्या त्याच बाटलीतून रंगवतो; त्यातही रंग उमटला, तर तो रिसेप्टरचा नाही हे कळतं.

संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीची प्रत लागतेच. फिक्स केलेला मेंदू ३० टक्के सुक्रोजमध्ये तळाला बसला की मगच पाठवा. डब्याबाहेर आइसपॅक ठेवा, फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका.